मशीनच्या पाठीला हळदीकुंकू

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधली जुनी मशीनं भंगारात काढायची होती. लॅब माझ्या ताब्यात, म्हणून यादीही माझ्याच गळ्यात. एकेक डबा भिंतीपासून ओढायचा, वळवायचा, पाठीवरचं लेबल पुसायचं आणि त्यावरचा नंबर कागदावर उतरवायचा. शिपाई मामा डबे उचलून देत होते. नवव्या की दहाव्या डब्याशी माझा हात थांबला. काळा, आडवा, पत्र्याच्या ट्रंकेसारखा चपटा. अगदी असाच एक डबा मी पूर्वी ओळखत होते.

यादीला नुसता नंबर पुरला असता. पण मी खुर्ची ओढली, कंपनीची ग्राहकांच्या मदतीची साइट उघडली आणि चौकटीत तो नंबर टाकला. का, ते सांगता यायचं नाही. ओळखीच्या दारावरून जाताना माणूस उगाच सायकलची घंटी वाजवतो, तसंच काहीसं.

पान उघडलं. वर बारीक अक्षरात लिहिलेलं, की या मशीनला कंपनीची मदत आता मिळणार नाही. त्याखाली मात्र कुणी काही पुसलेलं नव्हतं. मशीन कारखान्यातून कधी निघालं, आत पंखा कोणता, मेमरी कोणती, झाकण कुठं दाबलं की उघडतं, पुढचे दिवे कसे लुकलुकले म्हणजे कुठं दुखतंय. सगळं जिथल्या तिथं.

“मॅडम, भंगारच हाय ना ते?” शिपाई मामा म्हणाले. “त्याचं काय वाचायलाव येवढं?”

“कुंडली,” मी म्हटलं.

आणि त्या बंद, कोरड्या खोलीत माझ्या नाकात युरियाचा वास भरला.

ताडकळसला बाजाराच्या रस्त्यावर खत-बियाणांचं एक दुकान होतं. त्याच्या अंगानं लोखंडी जिना वर जायचा आणि वर मुनीर सरांचं कॉम्प्युटर सेंटर. खालून युरियाचा, फवारणीच्या औषधांचा, नव्या पोत्यांचा वास यायचा. वर चढलं की त्यात तापलेल्या प्लास्टिकचा आणि सरांच्या अत्तराचा वास मिसळायचा. बाजाराच्या दिवशी तळत्या भज्यांचा आणि शेळ्यांचाही. सर आयटीआयमधून निवृत्त झालेले. हैदराबादच्या कुठल्या तरी ऑफिसनं टाकून दिलेली आठ मशीनं त्यांनी टेंपोत गाद्या अंथरून, नव्या नवरीला आणावं तशी आणली होती. सात एकसारखी, उभी. आठवं काळं, आडवं. सर त्याला ‘नवाबसाब’ म्हणायचे, कारण ते मर्जी असली तरच चालू व्हायचं. प्रत्येक मशीनला सरांच्या बायकोनं जुन्या ओढण्यांचं आच्छादन शिवलेलं. सकाळी ती आठ आच्छादनं काढून घड्या घालणं हे माझं पहिलं काम.

मी बी.एस्सी. झालेली होते. परभणीला वसतिगृहात राहून. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, हे मी आजही न विचारता सांगते. ज्याला फुशारकी वाटते त्याला वाटो. माय-आबा दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. शाळेच्या सुट्ट्यांत मीही गेलेय. मोळ्या बांधल्यात, पाचटावर झोपलेय, पहाटेच्या थंडीत उसाच्या पात्यानं गाल कापून घेतलाय. डिग्रीचा कागद हातात आला तेव्हा आबांनी एकदाच सांगितलं.

“ट्रक येईस्तवर तुझं तू बघ. काम लागलं तर ऱ्हा. न्हाईतर चल आमच्यासंगं. एकट्या पोरीला घरी ठिवून मला तिकडं झोप लागायची न्हाई.”

रागानं बोलले नाहीत. म्हणून तर वाद घालायला जागा नव्हती.

मुनीर सरांचंही सांगणं एकच होतं. “बेटा, कोर्सची मान्यता आली तर तू पक्की. न्हाई आली तर मीच पक्का न्हाई.” मान्यतेआधी तपासणी होणार होती आणि त्या दिवशी आठ मशीनं चालू दिसायला हवी होती. सातावर भागणार नव्हतं. म्हणजे एकीकडं ट्रक, एकीकडं आठ मशीनं, आणि आषाढापासून दसऱ्यापर्यंत मधे मी.

दुरुस्ती मला कुणी माणसानं शिकवली नाही. सर रेडिओ-टीव्ही डोळे मिटून उघडायचे, पण कॉम्प्युटरपुढं हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. मला शिकवलं त्या साइटनं. नेटची काडी, म्हणजे डोंगल, खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली, तोंड टॉवरकडं. सकाळी बाजारात गर्दी व्हायच्या आत नेट बरं चालायचं. तरी पान एकदम कधीच आलं नाही. आधी वरची निळी पट्टी. मग बराच वेळ काही नाही. खाली पोती आपटल्याचा आवाज, कुणाच्या तरी म्हशीची हाक. मग ती चौकट. तिच्यात मशीनच्या पाठीवरचा नंबर टाकला, की पुढचं सगळं पान त्या एका मशीनचं व्हायचं. त्यातल्याच पंख्याचं, त्यातल्याच मेमरीचं. मला याचं लय अप्रूप वाटायचं. कचेरीत जा, दवाखान्यात जा, आधी विचारणार कुणाची, कुठली, कशाला आलीस, संगं कुणी न्हाई का. इथं नंबर दिला की उत्तर. साता समुद्रापलीकडच्या कुणीतरी बसून सगळं लिहून ठेवलेलं, की कोण जाणे, कुणाला कधी लागेल.

इंग्रजी माझं पुस्तकातलं. मांडीवर शब्दकोश घेऊन मी ती पानं वाचायची आणि वहीत मराठीत उतरवायची. अमुक दिवा लागला तर तमुक बिघाड, एक लांब शिट्टी आणि दोन आखूड म्हणजे काय, सगळं. त्या वहीत एक ओळ कंपनीची आणि तिच्याखाली एक आमची असायची. कंपनी म्हणायची, मशीन थंड, स्वच्छ, कोरड्या खोलीत ठेवावं. मी खाली लिहायची, श्रावणात मेमरीच्या पट्टीला ओल धरते, खोडरबरनं घासावी. कंपनी म्हणायची, पंखा ठरावीक काळानं झाडावा. पुढच्या वर्षांत मी तिथं लिहिलं, कापूस घरात आला की दर आठवड्याला, सायकलच्या पंपानं. त्या दोन ओळींमध्ये मी इंजिनियरिंग शिकले असं म्हणते, तर इथले कॉलेजातले लोक हसतात. हसू द्या.

भादव्यातल्या एका दुपारी नवाबसाबचं घड्याळ रोज मागं पडायला लागलं. साइटवर मला एक जागा सापडली. तुमचं नाव नोंदवा, मशीन नोंदवा, मग प्रश्न विचारा. मी फॉर्म भरत गेले. नाव. गाव. पिनकोड. मशीनचा नंबर. मग एक रकाना आला, हुद्दा. माझी बोटं थांबली. मागून सर वाकून बघत होते.

मी लिहिलं, टेक्निशियन.

“वा गे वा!” सर म्हणाले. “अभी मैंने रख्या भी नै, अन् बाई टेक्निशियन हो गई!”

“रकाना रिकामा ठेवला तर पुढं जात न्हाई, सर.”

“हौ, हौ. मशीनचीच जबरदस्ती हाय.”

चार दिवसांनी उत्तर आलं. आतली गोल बॅटरी बदला, एवढंच. पण वरती ‘डिअर’ आणि त्यापुढं माझं नाव होतं. मला आलेलं ते पहिलं इंग्रजी पत्र. मी त्याचा कागद काढून घरी नेला आणि चुलीपुढं वाचून दाखवला.

“काय म्हणतोय त्यो?” आबांनी विचारलं.

“सेल बदला म्हणतोय.”

“मंग बदल की. त्याच्यासाठी पत्र कशाला धाडायलाय?”

मायनं कागद हातात घेतला. “ह्याच्यात तुझं नाव कंचं?” मी दाखवलं. मग ती म्हणाली, “त्या सायबाला कसं कळतं गं, आपलं मशीन कंचं त्ये?” मी सांगितलं की प्रत्येक मशीनच्या पाठीवर एक नंबर असतो. कुठलंही काम करायचं तर आधी तो बघावा लागतो, त्याबिगर काहीच होत नाही. ती मान हलवत राहिली. तिला किती कळलं, हे मला पुढं कळायचं होतं.

खंडेनवमीला सकाळी घरी कोयत्यांची पूजा झाली. धार लावलेले दोन कोयते पाटावर, त्यावर झेंडू, बाजूला ऊसतोडीला न्यायच्या पातेल्यांची चळत. पूजा उरकून मायनं तेच ताट पदराखाली घेतलं.

“चल, तुझ्या हत्यारांची बी करून टाकू.”

जीपच्या मागच्या फळीवर बसून, ताटातलं निरांजन जपत ती ताडकळसपर्यंत आली. जिना चढली. सरांनी तिला बघून आधी स्वतःच्या चपला काढल्या. “आओ बहन, करो. मशीन का भला, तो सबका भला.” मी चहा सांगायला खाली गेले. वर येते तर आठही मशीनं वळवलेली, पाठी आमच्याकडं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर, नेमकं लेबलावर, ओली हळद आणि त्यावर कुंकू. बोटानं चांगलं चोळून. वर मुठीनं अक्षता टाकलेल्या.

“माय, पुढून लावायचं असतं गं. तोंडाला.”

“त्याचं तोंड कुठं हाय मला काय ठावं?” ती म्हणाली. “तूच म्हणलीस, पाठीवरचं बघितल्याबिगर काईच व्हत न्हाई म्हून. मंग देव तितंच असंल की.”

सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. झेंडूचा, उदबत्तीचा आणि खालच्या युरियाचा असा मिळून एक वास झाला होता, तो पुन्हा कुठं मिळाला नाही. पूजेला लावलेली हत्यारं त्या दिवशी वापरत नाहीत. मशीनं तशीच ठेवून आम्ही दार ओढून घेतलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सात मशीनं चालू झाली. नवाबसाबनं पुढचे दोन दिवे पिवळे केले, लुकलुकवले आणि तो गप्प बसला. पडदा काळा. तपासणी उद्या. ट्रकही उद्याच, मुकादमाचा निरोप येऊन गेला होता.

मी सवयीनं डबा वळवला. लेबलावर हळदीची खपली धरलेली. ओल्या फडक्यानं पुसली. हळद निघाली आणि तिच्याबरोबर अक्षरंही. सुरुवातीचं एक अक्षर उरलं आणि मधे काहीतरी साताच्या आकड्यासारखं. बाकीच्या सात मशीनांची तीच गत, पण ती चालू होती. त्यांचा नंबर त्यांच्या पोटातून काढता आला असता. हे मशीन मुकं होतं. साइटवर चौकट उघडी होती, नंबर मागत होती. माझ्या वहीत बिघाड होते ते त्या सात एकसारख्या मशीनांचे; नवाबसाबचा नंबर तिथंही नव्हता.

“खोलूनच बघू,” सर म्हणाले. पण तो गोल सेल अजून मिळाला नव्हता, म्हणून हा डबा आम्ही एकदाही उघडलेला नव्हता, आणि त्याला कुठंच स्क्रू नव्हता. त्यांनी फटीत पेचकस घातला. प्लास्टिक करकरलं. मी त्यांचा हात धरला. “सर, तुटलं तर सातच राहतील.”

तेवढ्यात माय आली. वाटेला लागणारं मीठ-मिरची घ्यायला बाजारात आलेली. आमची तोंडं बघून ती दारातच थांबली. तिनं लेबल बघितलं, फडकं बघितलं.

“माझ्या हातानं झालं व्हय गं?”

सर घाईनं म्हणाले, “नै नै बहन, मशीनच जुनं.” पण ती माझ्याकडं बघत होती.

“व्हय,” मी म्हटलं. “तुझ्याच हातानं.”

मी खरं बोलते, असा माझा लौकिक आहे. त्या दिवशी खरं बोलायची गरज नव्हती.

सरांनी पुढं केलेला चहा तिनं घेतला नाही. जाताना जिन्याशी वळून एवढंच म्हणाली, “उद्या ट्रक ह्याच रस्त्यानं जाईल. जमलं न्हाई तर खाली येऊन उभी ऱ्हा. तुझी पिशवी भरून आणते.” मग लोखंडी पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज, एकेक, खालपर्यंत.

मी नवाबसाबपुढं बसले. त्या काळ्या पडद्यात माझंच तोंड दिसत होतं. आणि मग आठवलं. भादवा. फॉर्म. मी ते मशीन नोंदवलं होतं की!

दुसऱ्या मशीनवर साइट उघडली. माझं नाव टाकलं. पासवर्ड म्हणजे माझा बी.एस्सी.चा रोल नंबर. निळी पट्टी आली. मग काही नाही. सर जपमाळ ओढावी तसे खिशातल्या किल्ल्या फिरवत होते. मग हळूहळू पान उतरलं. वर माझं नाव, त्यापुढं टेक्निशियन, आणि खाली माझ्या नावावरचं एकुलतं एक मशीन. नंबर अख्खा. एक अक्षर गळालेलं नाही. आम्ही पुसून टाकलेलं कुणीतरी दूर कुठं तरी नीट जपलं होतं.

नंबरवर क्लिक केलं आणि नवाबसाबची सगळी पानं उघडली. झाकणाचं चित्र होतं. दोन्ही बाजूंना एकेक कळ, दोन्ही एकदम दाबायच्या. एक मी दाबली, एक सरांनी. डबा पुस्तकासारखा उघडला. दोन पिवळ्या दिव्यांचा अर्थ होता, पंखा फिरत नाही. पंख्यात धूळ, वायर किंवा कागदाचा कपटा अडकलाय का बघा.

आम्ही बघितलं. पात्यात आणि चौकटीच्या मधे तांदळाचे दोन दाणे, कुंकवानं लाल झालेले, ओल्या हळदीनं चिकटून वाळलेले.

“कंपनीच्या यादीत अक्षता नै,” सर म्हणाले आणि त्यांनी चिमट्यानं दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. कळ दाबली. पंखा घुमला. दिवे हिरवे झाले. नवाबसाब उठले.

ही बातमी घरी सांगायला हवी होती. पण आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता आणि शेवटची जीप गेलेली. मी सरांच्या घरी राहिले.

तपासणीला दोन साहेब आले. उशिरा आले. एकेक मशीन चालू करायला लावायचे, काहीतरी टाइप करायला लावायचे, वहीत खूण करायचे. पाचवं झालं, सहावं झालं. सातव्यावर होतो तेव्हा रस्त्यावर हॉर्न वाजला. ट्रकचा. जुन्या ट्रकचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. पातेली आपटल्याचा आवाज, शेरडांचं ओरडणं, बायकांची गलबल. ट्रक हळू झाला. पुन्हा हॉर्न. खिडकी माझ्यापासून चार पावलांवर होती. सरांनी माझ्याकडं बघितलं, डोळ्यांनी म्हणाले, जा.

“आठवं दाखवा,” साहेब म्हणाले.

मी नवाबसाबपुढं बसले आणि कळ दाबली. मशीन चालू व्हायला जो वेळ लागतो, तेवढ्या वेळात तो ट्रक निघून गेला.

मान्यता आली. मी पक्की झाले. तिथं पुष्कळ वर्षं काढली. मग परभणीला आले, पुढं शिकले, या लॅबपर्यंत पोचले. मुनीर सर आता नाहीत. त्या लोखंडी जिन्याच्या जागी काचेचं दार आहे आणि आत मोबाइल विकतात. ओढण्यांची आच्छादनं, सुतळीनं बांधलेली नेटची काडी, सगळं कुठं गेलं कुणाला माहीत. माय-आबा त्या साली उन्हाळ्यात परत आले, तेव्हा मायनं माझ्यासाठी गुळाची ढेप आणली. सहा महिने मनात घोळवलेलं मी काहीच बोलले नाही. आमच्याकडं माफी मागायची रीत नाही. जेवायला वाढायची आहे.

आबा वारल्यापासून माय माझ्याकडंच असते. त्या दिवशी भंगाराची यादी देऊन घरी आले तेव्हा ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसले, दोन काड्या निवडल्या आणि इतक्या वर्षांनी विचारून टाकलं.

“माय, त्या साली ट्रक सेंटरखालून गेला. तू वर बघितलंस का गं?”

तिला आठवायला वेळ लागला नाही.

“बघितलं की. पिशवी मांडीवर धरून बघत व्हते. डायवरला दोनदा हारन वाजवाया लावलं.”

“मी आलेच नाही खिडकीत.”

“न्हाई आलीस.” तिनं पिवळं पान वेगळं काढलं. “मंग जीव भांड्यात पडला माझा. म्हणलं, चालू झालं असंल.”